जयदेवचा हात पुढे का गेला नाही

अंबरनाथच्या बुवापाड्यात जयदेव गायकरला नावाने ओळखणारे थोडेच. बायका त्याला 'पाणीवाले भाऊ' म्हणत, पोरं 'चावीवाला' म्हणत, आणि पाणी आलं नाही त्या दिवशी लोक त्याला जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवीस वर्षं त्याचं काम एकच. स्कूटरला आडवी बांधलेली लांब लोखंडी चावी सोडायची, रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि त्या भागात पाणी सोडायचं. बुवापाड्याच्या व्हॉल्व्हला अठरा आटे. भराभर फिरवले तर पाइपात अडकलेली हवा दणका देते आणि जोड सुटतो, म्हणून सावकाश. दोन तासांनी पुन्हा येऊन अठरा आटे उलटे.

या कामात शिव्या ठरलेल्या. एका सहकाऱ्याचं डोकं हंड्याने फुटलं होतं, दुसरा रोज कुणाशी तरी हातघाईवर यायचा. जयदेवचं मात्र तेवीस वर्षांत एकही भांडण नाही. समोरचा आवाज चढवायला लागला की तो गप्प व्हायचा, नजर लांब कुठेतरी लावायचा आणि उभा राहायचा. ओरडणारा ओरडून ओरडून थकायचा आणि निघून जायचा. पाणीखात्याचे साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, "जयदेवसारखा थंड डोक्याचा माणूस आपल्याकडे दुसरा नाही." आणि मग सगळ्यात तापलेला भाग त्याच्याच गळ्यात टाकायचे.

डोकं थंड वगैरे काही नव्हतं हे जयदेवला माहीत होतं. कुणी अंगावर आलं की त्याला समोरच्याचे शब्द लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखे ऐकू यायचे. हात गार पडायचे, भर मे महिन्यातसुद्धा. जीभ टाळूला चिकटायची. सगळं संपल्यावर स्कूटरवर बसला की पाय थरथरायचे आणि घरी पोचेपर्यंत अंगातली सगळी ताकद कुणी पिळून घेतल्यासारखं वाटायचं. हे कुणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं? दुखत तर काहीच नव्हतं.

घर पालेगावात. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता वीस-वीस मजली बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध गायकरांचं एकमजली घर दुपारी चारलाच सावलीत जायचं. बायको वेणू, मुलगी उन्नती. वेणू बोलकी, रागावली की मनातलं सगळं बोलून मोकळी होणारी. पण भांडायला समोर कुणी लागतं ना! ती बोलायला लागली की जयदेव तिच्या डोळ्यांदेखत विझत जायचा.

"अहो, मी माणसाशी बोलतेय की भिंतीशी?" ती विचारायची.

उन्नतीला पुण्याला नोकरी लागली तेव्हाही तेच झालं. वेणू म्हणे एकटी पोर इतक्या लांब नको, उन्नती म्हणे मी जाणार. दोघी कडाडल्या आणि मग दोघींनीही त्याच्याकडे बघितलं. जयदेव उठला, मोरीत गेला आणि धुतलेले पाय परत धुवायला लागला. कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. त्याला फक्त आवाज ऐकू आले होते. उन्नतीचं जाणं तेव्हा राहिलं.

त्याचा धाकटा भाऊ रघु बरोबर उलटा. वाढले दोघं एकाच घरात, एकाच बापाच्या हाताखाली. बाप शिवराम दिवसभर गरीब गाय. संध्याकाळी पिऊन आला की अंगणातल्या चपलेच्या फरफटीवरूनच घराला कळायचं. मग सहा वर्षांचा जयदेव भाताच्या कणगीमागे जाऊन श्वास धरून उभा राहायचा. सापडलाच तर अंग सैल सोडायचा. मारून काही हाती लागत नाही म्हटल्यावर बापूस दोन फटक्यांत कंटाळायचा. रघु चार वर्षांचा, पण चावायचा, लाथा झाडायचा, आणि दुप्पट मार खायचा. आई, ठमाबाई, बाप आणि पोरांच्या मध्ये यायची ती हसत. "बसा ना, भाकरी गरम हाय," म्हणायची. गालावर बोटं उमटलेली असतानाही म्हणायची.

मोठा झाल्यावर रघुचा हात आधी उठायचा आणि विचार नंतर यायचा. फोरमनला मारलं म्हणून कारखान्यातली नोकरी गेली. पुढे जमिनीच्या हद्दीवरून बिल्डरच्या माणसांशी जुंपली. तिघांनी मिळून रघुला खाली पाडलं तेव्हा जयदेव दहा पावलांवर होता. तो तिथेच राहिला. रघु रक्ताळलेल्या तोंडाने एवढंच म्हणाला, "दादूस, तू नुसता उभा होतास." त्यानंतर तो बायकोला घेऊन बदलापूरला राहायला गेला. चार वर्षं दोघं भाऊ बोलले नव्हते.

अशात गेल्या वर्षीचा मे आला. मोठी लाइन कुठेतरी फुटली आणि तीन दिवस बुवापाड्याला पाण्याचा थेंब नाही. चौथ्या दिवशी सकाळी टाकी भरली. अकराच्या सुमारास जयदेव झाकणापाशी पोचला तर दीडशे माणूस उभं. हंडे, ड्रम, कळश्या. त्याने झाकण उचललं, चावी आत घातली. दहा मिनिटांत पाणी येणार होतं. एवढं एक वाक्य बोलला असता तरी पुढचं टळलं असतं.

"कुठे मेला होतास तीन दिवस?"

"बिल्डिंगवाल्यांना टँकर आणि आमच्या नावाने बोंब?"

"ए, बोल ना! बहिरा आहे काय तू?"

एका तरुणाने कॉलर धरली. मागून रेटा आला. आवाज विहिरीत गेले, हात गार पडले. जयदेवच्या मुठी चावीवर आवळल्या त्या आवळल्याच.

गर्दीच्या पुढे राजाबाई होती. साठीची, कमरेवर रिकामा हंडा. मागच्या धक्क्याने तिचा तोल गेला आणि एक पाय उघड्या खड्ड्याच्या कडेवरून घसरला. तिने हात पुढे केला, जयदेवकडेच केला, कारण हाताच्या अंतरावर तोच होता. जयदेवला तो हात दिसला. बांगड्या दिसल्या, हिरव्या काचेच्या, त्यातली एक पिचकलेली. आपण आता चावी सोडून हा हात धरायचा, हेही त्याला कळत होतं. मूठ उघडली नाही. राजाबाई मनगटावर पडली, हनुवटी काँक्रीटच्या कडेला आपटली. दोन बायकांनी तिला बाहेर ओढलं आणि कुणीतरी रिक्षा आणायला धावलं.

पाच-सात मिनिटांनी जयदेवचे हात आपोआप चालायला लागले. अठरा आटे, सावकाश. पाणी आलं. कुणी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्याला नंतर किती दिवस वाटत होतं.

कुणीतरी शूटिंग केलं होतं. बावीस सेकंद. खाली लिहिलं होतं, 'आजी पडतेय, पाणीवाला मजा बघतोय.' संध्याकाळपर्यंत अख्ख्या अंबरनाथच्या मोबाइलवर ते फिरलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "जयदेव, खरं सांग. हात का नाही दिलास?"

जयदेव म्हणाला, "हात गेला नाही, साहेब."

"गेला नाही म्हणजे काय? हात तुझा आहे ना?"

कागदावर टाइप झालं की कर्मचाऱ्याने समाधानकारक खुलासा केला नाही. महिनाभर कामावर येऊ नको, असं सांगून साहेबांनी मान दुसरीकडे वळवली.

घरी वेणूने व्हिडिओ बघितला होता. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिने मुकाट्याने ताट वाढलं. उन्नतीने तो व्हिडिओ तीनदा बघितल्याचं जयदेवला दिसलं. तिसऱ्यांदा तिने पडद्यावर दोन बोटं ताणून बापाचा चेहरा मोठा करून बघितला.

आठवड्याने त्याच्या छातीत दुखायला लागलं. श्वास पुरेना. वेणूने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत जायला सांगितलं. तिथे करिष्मा मॅडम बसायच्या, समुपदेशक. उल्हासनगरच्या सिंधी. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायच्या. खोलीतला पंखा करकरत होता.

पहिल्या भेटीत जयदेव तीन वाक्यं बोलला. दुसऱ्या भेटीत त्याने बुवापाड्याचा प्रकार आणि लहानपणचा बापाचा मार सांगितला, मान खाली घालून. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "हात गार पडले होते? आवाज दूर से आ रही थी?"

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कारण हे फक्त तुम्हाला होत नाही, भाऊ. धोका दिसला की मेंदू आपल्याला विचारत बसत नाही. आपल्याला कळायच्या आधी नसांना हुकूम जातो. कुणी मारायला धावतं. कुणी पळतं. कुणी गोड बोलून समोरच्याला शांत करायला बघतं. और कोई वहीं जम जाता है. हातपाय, जीभ, सगळं बंद. लहानपणी ज्या गोष्टीने वाचलो ना, ती शरीर विसरत नाही. समोर आता बाप नाही, बुवापाडा आहे, हा हिशोब त्याला इतक्या पटकन जमत नाही."

जयदेवने करकरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आई हसायची. मार खाताना."

मॅडमनी मान डोलावली.

"म्हणजे माझा दोष नाही?"

"तुम्ही जम गये, त्यात दोष नाही. पण त्या बाईंचा हात मोडलाय. वो भी सच है. दोन्ही खरं आहे, भाऊ. एकाने दुसरं पुसलं जात नाही."

हे ऐकून जयदेवला हलकं वगैरे वाटलं नाही. उलट तो इतका दमला की बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिला. पन्नाशी उलटली होती. एवढी वर्षं आपण स्वतःला भित्रा समजत होतो, लोक आपल्याला शांत समजत होते, बायको बेफिकीर समजत होती, आणि आत काहीतरी भलतंच चाललं होतं.

पुढच्या भेटीत त्याने कामाचा माणूस विचारतो तसं विचारलं, "मग ह्याची चावी कुठे असते?"

मॅडम हसल्या. "चावी नाहीये. सराव आहे, तो पण कंटाळवाणा." पावलं जमिनीत घट्ट रोवायची. श्वास घेतो त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. आसपासच्या पाच वस्तू बघायच्या, मनात त्यांची नावं घ्यायची, म्हणजे आपण आज, इथे आहोत हे शरीराला कळतं. आणि एकच वाक्य घोकून ठेवायचं, जीभ अडकली तरी सवयीने बाहेर पडेल असं. जयदेवने वाक्य निवडलं, "जरा थांबा, सांगतो."

तो आरशासमोर उभा राहून ते म्हणायला लागला. रोज सकाळी दाढी करताना वीसदा. चौथ्या दिवशी वेणू दारात आली. "कुणाला थांबवताय?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. कणगी, चपलेची फरफट, आटे, हिरव्या बांगड्या. अडखळत, मध्ये मध्ये गप्प होत. पाऊण तास लागला. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, वरण खाली लागलं, वेणू उठली नाही.

शेवटी ती म्हणाली, "पंचवीस वर्षं मला वाटलं, ह्या माणसाला माझं काही पडलेलंच नाही."

"तसं नव्हतं."

"नव्हतं ना. पण मी तर तशीच जगले." तिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. नुसती थकलेली दिसत होती. "आता कळून माझी ती वर्षं परत येणारेत का?" मग ती उठली, करपलेला कुकर मोरीत ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. दोन कप.

राजाबाईकडे जायला त्याला आणखी आठ दिवस लागले. दोनदा नाक्यापर्यंत जाऊन परतला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सून तेजस्वी दारातच होती. त्याला ओळखलं आणि तिचा आवाज गल्लीभर गेला. "लाज नाही वाटत? आता कशाला आलात, अजून काय बघायचं राहिलंय?"

हात गार पडायला लागले. शेजारच्या दारांत डोकी आली. जयदेवने पावलं रोवली. निळा ड्रम. कॅलेंडर. लसणाची माळ. स्टोव्ह. चप्पल. श्वास सोडला, तो अर्ध्यातच तुटला. परत सोडला.

"जरा थांबा," तो म्हणाला. आवाज घोगरा. "सांगतो."

तेजस्वी थांबली. तिला थांबायचं होतं असं नाही, पण इतक्या वर्षांत पाणीवाल्याचा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

आत राजाबाई खाटेवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये, हनुवटीवर टाके. तिच्याकडे बघत जयदेव म्हणाला, "तुम्ही हात पुढे केलात तो मी बघितला. माझा हात गेला नाही. मुद्दाम नाही. माझं लहानपणापासून असं होतं, आता कळतंय. पण तुम्ही माझ्यासमोर पडलात. ते सांगायला आलो."

राजाबाईने त्याला न्याहाळलं. "तुझे डोळे दिसले होते मला पडताना," ती म्हणाली. "कापायला धरली की कोंबडी कशी एकदम गप होते, तसे. मी तेव्हाच सुनेला म्हटलं, तो मजा नव्हता बघत." मग तिने प्लास्टरचा हात थोडा उचलला. "पण मला भाकरी थापता येत नाही महिना झाला. घासासाठी सुनेचं तोंड बघायला लागतं. त्याचं काय?"

जयदेव गप्प राहिला. या वेळी जीभ अडकली नव्हती. या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

"बस," राजाबाई म्हणाली. "पाणी पी. आज आलंय आमच्याकडे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानेही माफी मागितली नाही.

ठरलेला महिना संपल्यावर त्याला कामावर घेतलं. शेरा फायलीत राहिला, व्हिडिओही लोकांच्या मोबाइलमध्ये राहिला. पहिल्याच दिवशी साहेबांनी पुन्हा बुवापाडा दिला. जयदेव टेबलासमोरून हलला नाही. पावलं रोवून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी बंद राहिलं की त्यानंतरच्या दिवशी मी एकटा जाणार नाही. बरोबर माणूस द्या. एकाने लोकांशी बोलायचं, एकाने व्हॉल्व्ह फिरवायचा."

"तू आजवर कधी तक्रार केली नाहीस," साहेब चकित होऊन म्हणाले.

"बोलता येत नव्हतं."

आठवडाभर फाइल फिरली आणि मग अल्पेश नावाचा जोडीदार मिळाला, तोंडाने फटकळ, गर्दीला आवडणारा. त्यामुळे सगळं सुरळीत झालं असं नाही. पाऊस लांबला त्या दिवसांत एकदा पुन्हा गर्दी चढून आली तेव्हा जयदेव परत थिजला, वाक्यबिक्य सगळं विसरला. पण अल्पेश होता. घरी आल्यावर वेणूने चेहरा बघून विचारलं, "आज झालं?" त्याने मान डोलावली. तिने आवाज चढवायचे दोन विषय उद्यावर ढकलले. उन्नती शेवटी पुण्याला गेली, दुसऱ्या नोकरीवर. जाताना बाप स्टँडवर तिला म्हणाला, "तू जावंस असं मला तेव्हाही वाटत होतं." उन्नती म्हणाली, "तेव्हा बोलला असतात तर आईने आणि मी सहा महिने अबोला धरला नसता, पप्पा." आणि बसमध्ये चढली.

रघुकडे तो सगळ्यात शेवटी गेला. रविवारी, उन्हं उतरल्यावर, स्कूटरने बदलापूरला. रघुने दार उघडलं आणि चार वर्षांचं सगळं एका दमात बाहेर काढलं. "आता आठवला व्हय भाऊ? तिघं मिलून मना तुडवत होते आन् तू खांब होऊन उभा! आता कनाला आलास?" बोलता बोलता त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. आदल्या वर्षी त्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती. बायको मागून "अहो, गोळी घ्या, गोळी" म्हणत होती.

"जरा थांब, सांगतो," जयदेव म्हणाला.

आणि दारातच उभं राहून त्याने सांगितलं. आता त्याला पाऊण तास लागत नव्हता. रघु चौकटीला हात लावून ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याची मूठ सुटली.

"कनगीच्या मागं," तो हळू म्हणाला. "मना वाटायचा, दादूस लपतो आन् मना एकल्याला मार खावा लागतो."

"हां."

"मी मारतो ना, तवा मना पण काय दिसत नाय, दादूस. फोरमनचा तोंड दिसलाच नाय. लाल लाल नुसता. नंतर बघतो तं हाताला रगत." तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "लोक बोलतात, रघु डेअरिंगवाला. कसला डेअरिंग!"

भावजयीने चहा आणला, गोळी आणली. टीव्हीवर कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं. जयदेव सोफ्यावर टेकला. रघु त्याला दवाखान्याचा वार आणि मॅडम कधी बसतात ते विचारत होता. उत्तर देता देता जयदेवची मान कलली आणि बसल्या जागी त्याला झोप लागली. रघुने रिमोट शोधला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि बायकोला खुणेने सांगितलं, राहू दे, उठवू नको.